इंग्रजी धातुसाधितांची वाट मराठीतून

स्मरणिकेच्या पानांवर आठवणी असाव्यात, व्याकरण नसावे, असे काही वाचकांना वाटेल. तरीही हा विषय येथे मांडण्यास कारण आहे. आपल्या वसतिगृहात राहून शिकलेली आणि पुढे शिरोली एमआयडीसीतील कारखान्यांत, आयटीआयमध्ये किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांत गेलेली मुले भेटतात, तेव्हा त्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘सर, शब्द कळतात, पण वाक्य कळत नाही.’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा इंग्रजीतील ‘पार्टिसिपल’ असते. आपल्या व्याकरणात त्याला धातुसाधित किंवा कृदन्त म्हणतात. हा भाग इंग्रजीच्या तासाला मराठीच्या आधाराने शिकवला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्रशाळेतील एक सूचना पाहा : ‘हॅविंग स्विच्ड ऑफ द सप्लाय, रिमूव्ह द कव्हर.’ ‘सप्लाय’, ‘स्विच’, ‘कव्हर’ हे सर्व शब्द मुलाला ठाऊक असतात. पण ‘हॅविंग’पाशी तो अडखळतो, कारण ‘हॅव’ म्हणजे ‘जवळ असणे’ एवढेच त्याने पाठ केलेले असते. वीजपुरवठा आधी बंद करायचा की झाकण आधी काढायचे, हे त्या एका रूपात सांगितलेले आहे. चूक झाली तर येथे गुण कापले जात नाहीत, हात भाजतो. हीच सूचना ‘पुरवठा बंद करून झाकण काढावे’ अशी वाचली की क्रमाविषयी शंका उरत नाही. ‘करून’मधील ‘ऊन’ प्रत्यय आपले मूल शाळेत येण्यापूर्वीपासून वापरत असते. हात धुऊन जेवायला बसावे, हे त्याला कोणी व्याकरण म्हणून शिकवलेले नसते.

आपल्याकडे धातुसाधिते सहसा अशी शिकवली जातात : क्रियापदाला ‘इंग’ लावले की वर्तमानकालवाचक, ‘एड’ लावले की भूतकालवाचक. व्याख्या पाठ होते, रिकाम्या जागा भरल्या जातात आणि विषय संपतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण इंग्रजीतील एकटा ‘इंग’ मराठीतील अनेक प्रत्ययांची कामे करतो. शाळेच्या नळावरील ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पिण्याचे पाणी. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहते पाणी. रूप सारखे दिसले, तरी पाणी पीत नाही. ते वाहते मात्र खरे. पहिला शब्द कामाचे नाव सांगतो, दुसरा पाण्याचा गुण सांगतो. इंग्रजी व्याकरणात पहिल्याला ‘जेरंड’ आणि दुसऱ्याला ‘पार्टिसिपल’ म्हणतात. हा भेद शिकवताना शिक्षकांना घाम फुटतो. मराठीने मात्र तो ‘पिण्याचे’ आणि ‘वाहते’ या दोन रूपांत आधीच वेगळा करून ठेवला आहे. ओतशाळेत काम करणाऱ्या पालकांना ‘मोल्डिंग सँड’ म्हणजे साचा करण्याची वाळू आणि ‘रोटेटिंग पार्ट’ म्हणजे फिरणारा भाग, हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

भूतकालवाचक धातुसाधितांची उदाहरणेही याच परिसरात विपुल आहेत. ‘कास्ट आयर्न’ या शब्दांतील ‘कास्ट’ला ‘एड’ नाही, तरी ते भूतकालवाचक धातुसाधितच आहे : ओतलेले, म्हणून ओतीव लोखंड. ‘रॉट आयर्न’मधील ‘रॉट’ हे ‘वर्क’ या क्रियापदाचे जुने रूप आहे : घडवलेले, म्हणून घडीव लोखंड. भट्टीतील ‘मोल्टन मेटल’मध्ये ‘मेल्ट’ या धातूचे जुने रूप टिकून राहिले आहे : वितळलेला धातू. ‘ओतीव’, ‘घडीव’, ‘कोरीव’ हे शब्द ज्याच्या कानांवरून गेले आहेत, त्याला हा पाठ परका वाटण्याचे कारण नाही. ज्या मुलाचे वडील ओतशाळेत काम करतात, त्याला तर या पाठात वर्गाला सांगण्यासारखे पुष्कळ असेल.

हा विचार काही नवा नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये आले. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्या मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्याकडे जात असत. पुढे इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दही नको, असा आग्रह वाढला. त्यामागील हेतू चांगला होता. मुलांनी इंग्रजी ऐकावे, बोलावे, त्या भाषेत विचार करावा, हे मलाही मान्य आहे. पण संभाषणाचा सराव वेगळा आणि वाक्याची रचना उलगडून पाहणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी मुलाजवळ असलेले एकमेव पूर्ण व्याकरण वर्गाबाहेर ठेवायला लावणे मला न्याय्य वाटत नाही.

मराठीमुळे चुकाही होतात, हा आक्षेप खरा आहे. ‘घरी जाताना पाऊस आला’ हे आपले वाक्य निर्दोष आहे. ‘ताना’ला वेगळा कर्ता चालतो. त्याचे शब्दशः ‘गोइंग होम, द रेन केम’ असे केले, तर इंग्रजीच्या नियमाने पाऊसच घरी निघाला, असा अर्थ होतो. इंग्रजीत आरंभीच्या धातुसाधिताचा कर्ता आणि मुख्य वाक्याचा कर्ता सहसा एकच असावा लागतो. ‘डू नॉट क्लीन द मशीन व्हाइल रनिंग’ अशी सूचना लिहिणारा याच खड्ड्यात पडतो : चालू कोण आहे, यंत्र की कामगार? ‘यंत्र चालू असताना साफ करू नये’ असे म्हणायचे असेल, तर इंग्रजीत ‘व्हाइल इट इज रनिंग’ असे लिहावे लागते. परंतु तुलना टाळल्याने ही चूक टळत नाही. मूल मनातल्या मनात मराठीतूनच जाते. आपण बरोबर असलो, तर कोठे वळायचे ते त्याला दाखवता येते.

या विषयाचा आपल्या समाजाशी आणखी एक संबंध आहे. शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना संस्कृत नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. व्याकरण म्हणजे काहींसाठी बंद ठेवलेले दार होते, हे त्यांनी स्वतः अनुभवले. पुढे त्यांनी पाली व्याकरणाचे आणि शब्दकोशाचे काम केले. महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले आहे. आपली मुले रोज वंदनेत जो शब्द उच्चारतात, तो ‘बुद्ध’ हा शब्दही भूतकालवाचक धातुसाधितच आहे : जागा झालेला, जाणलेला. ‘दलित’ हेही तसेच रूप : दडपलेला, चिरडलेला. पण एकात क्रिया दुसऱ्याने केलेली आहे आणि दुसऱ्यात ती स्वतःच पूर्ण केलेली आहे. इंग्रजीत ‘ब्रोकन ग्लास’ आणि ‘फॉलन लीव्हज’ यांत हाच फरक आहे : काच कोणीतरी फोडली, पाने आपणहून गळली. हे दोन शब्द समजलेल्या मुलाला तो नियम पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

माझी सूचना साधी आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कामाच्या ठिकाणच्या इंग्रजी सूचना, यंत्रांच्या पुस्तिकांतील वाक्ये आणि पाट्यांवरील शब्द वहीत उतरवून शाळेकडे पाठवावेत. आठवी-नववीच्या मुलांनी शिक्षकांसह बसून त्यांतील धातुसाधिते शोधावीत आणि प्रत्येकापुढे ‘ऊन’, ‘ताना’, ‘णारा’, ‘लेला’, ‘ण्याचा’ यांपैकी योग्य प्रत्ययाचे मराठी रूप लिहावे. जेथे मराठी फसवते, तेथे लाल रेघ ओढावी. वर्षभरात एक छोटी पुस्तिका तयार होईल. तिला खर्च फारसा नाही. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनी शाळेत असलेल्या मुलांसाठी केलेले ते काम असेल, आणि पुढच्या वर्षी त्यांतील एखादे मूल यंत्रासमोर उभे राहील, तेव्हा आधी पुरवठा बंद करून मगच झाकणाला हात लावील.