नाक सरळ झाले, पण श्वासाचे काय?



गेल्या महिन्यात ओळखीच्या एक ताई आमच्याकडे आल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांच्या नाकावर कबड्डीत कोपर बसले आणि हाड मोडले. आठवड्याच्या आत इस्पितळात ते सरळ करून घेतले, पट्टी बांधली, निघाली. नाक पहिल्यासारखे झाले म्हणून सगळे खूश. पण ताई म्हणाल्या, "दिसायला चांगलं आहे हो भाऊ, पण हे रात्रभर तोंडानं श्वास घेतात. घोरतात, दचकून उठतात. कालवण करपलं तरी वास कळत नाही."

"डॉक्टरांना सांगितलं नाही का?" आम्ही विचारले.

"त्यांनी विचारलं नाही, आणि ह्यांना सांगायची लाज वाटते. नाक सरळ असताना तक्रार कसली, म्हणतात."

ही लाज आम्हाला नवी नाही. चेहऱ्याच्या हाडांत सर्वांत जास्त मोडते ते नाकाचेच. पण उपचारानंतर घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा डॉक्टरही बघतात ते बाहेरून. आत दोन नाकपुड्यांच्या मध्ये कुर्चेचा पडदा असतो. मार बसला की हाडाबरोबर तोही वाकतो. हाड बोटांनी वा हत्याराने दाबून जागेवर बसते, पण कुर्चा लवचिक, ती परत वाकड्या जागी जाऊ शकते. मग आरशात नाक सरळ आणि आत एक बाजू बंद. वासाचे तंतू कपाळाच्या तळाशी बारीक छिद्रांतून वर जातात. जोराच्या माराने ते तुटले तर वास जातो. काहींचा हळूहळू परत येतो, काहींचा येत नाही. अशा घरात गॅस गळतीकडे दुसऱ्याने लक्ष ठेवलेच पाहिजे.

१७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळ झालेल्या नाकाच्या शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले होते, आणि ते बसवणारा होता विटा करणाऱ्या जातीतला एक कारागीर! युरोपातले डॉक्टर थक्क झाले. चर्चा झाली ती मात्र नाकाच्या रूपाचीच.

रुग्णाला काय वाटते ते मोजण्यासाठी २००४ साली अमेरिकेत पाच प्रश्नांची मोजपट्टी तयार झाली. गेल्या महिनाभरात नाक चोंदल्यासारखे वाटले का? बंद पडले का? नाकाने श्वास घेणे जड गेले का? झोपेला त्रास झाला का? श्रम करताना नाकातून हवा पुरली का? प्रत्येक त्रासाला शून्य ते चार गुण. बेरजेची पाचपट करायची. शंभर म्हणजे सर्वांत वाईट. हे प्रश्न कागदावर लिहून न्या, लाज आपोआप कमी होते.

ज्यांना मार नुकताच लागला आहे त्यांनी थांबू नये. नाक आतून फुगून दोन्ही बाजू बंद होत असतील तर पडद्यात रक्त साठलेले असू शकते. ते त्याच दिवशी काढावे लागते. नाहीतर कुर्चा सडून नाक मधोमध बसते. लहान मुलांच्या बाबतीत तर रात्र काढू नका. नाकातून पाण्यासारखे पातळ गळू लागले तरी तडक इस्पितळ गाठा. हाड बसवायची मुदत मोठ्यांना साधारण दोन आठवडे, मुलांना त्याहून कमी. मुदत टळली तर पुढे काही महिन्यांनी शस्त्रक्रिया करता येते.

आणि सगळीच नाके कबड्डीत मोडत नाहीत. "दाराला लागलं" म्हणणाऱ्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना श्वासागणिक तो दिवस आठवतो. खरे कारण केसपेपरवर लिहून घ्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणे अशा स्त्रीने मागितल्यास इस्पितळाला वैद्यकीय मदत द्यावीच लागते.

ताईंच्या यजमानांनी आमच्यासमोर बसून पाच उत्तरे लिहिली. पाचपट करून गुण आले सत्तर. ते कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मी उगीच कुरकुरत नव्हतो." पुढच्या सोमवारी ते नाक-कान-घसा विभागात गेले. डॉक्टरांनी पडदा वाकडा असल्याचे सांगितले असून शस्त्रक्रियेची तारीख पावसाळ्यानंतरची मिळाली आहे. वासाबद्दल खात्री देता येत नाही, असेही स्पष्ट सांगितले.