मान वर करण्यापूर्वी

दक्षिण फ्रान्समधील एरो जिल्ह्यात, सालागू जलाशयाजवळ, मुरेझ नावाचे एक चिमुकले खेडे आहे. गावाला लागूनच डोलोमाइट खडकांचे रान पसरले आहे. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या कार्बोनेटचा हा खडक (आपल्या कॅल्शियमच्या गोळीतही बहुधा कार्बोनेटच असते) पावसाच्या पाण्याने सर्वत्र सारखा झिजत नाही. कुठे सुळका उरतो, कुठे खिंड; दुरून एखाद्या उद्ध्वस्त नगरीचा भास होतो.

माझ्या रुग्ण असलेल्या 72 वर्षांच्या एक आजी गेल्या वर्षी लेकीकडे माँपेलिए येथे गेल्या होत्या. जावयाने मुरेझचा बेत आखला, तेव्हा लेकीचा फोन आला. "आईला गाडीतच बसवून ठेवू का, डॉक्टर?" मी नको म्हटले. वृद्धांना असे बसवून ठेवण्याची आपल्याला फार घाई असते.

अशा ठिकाणी मला भीती वाटते ती चढाची नव्हे, तर चालता चालता मान वर करून सुळके न्याहाळण्याची. उतारवयात तोल सांभाळण्यास डोळ्यांचा आधार अधिक लागतो. मान मागे गेली की पायांखालची वाट दिसेनाशी होते. काहींना भोवळही येते. त्यातच हा खडक झिजून त्याची वाळू होते आणि ती पायवाटेवर साचते. म्हणून आपण आधी थांबावे, काठी टेकावी किंवा सोबत्याचा हात धरावा, आणि मगच वर पाहावे.

उतरताना अधिक जपावे. चढताना दम लागतो म्हणून आपण आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, पण मांड्यांचे स्नायू थकलेले असतात. दूरचे व जवळचे एकत्र असलेल्या चष्म्यातून पायरी धूसर दिसते, तेव्हा दूरचा वेगळा चष्मा असल्यास तो लावावा. सोबत्याने पुढून हात ओढू नये; एक पाऊल खाली, किंचित बाजूला राहून आपला खांदा द्यावा.

तिकडचा उन्हाळा कडक असतो. लघवी वाढविणारी किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर पाणी किती प्यावे हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोळी मनाने बंद करू नये. औषधांची यादी त्यांच्या मूळ नावांनिशी जवळ ठेवावी, कारण कंपन्यांची नावे परदेशात बदलतात. तातडीच्या मदतीचा क्रमांक 112.

आजी सकाळच्या उन्हात जाऊन आल्या. परतल्यावर त्यांनी मला छायाचित्र दाखविले. मागे करडे सुळके होते; मी मात्र प्रथम पाय पाहिले. चपला नव्हत्या, बूट होते.