पाठराखीण

पोलादपूरची माझी आत्या एके काळी पाठराखीण म्हणून पंचक्रोशीत नावाजलेली. नवी नवरी सासरी निघाली, की सोबतीला आत्या ठरलेली! कुणाला वाकून नमस्कार करायचा, कुणाशी बेताने बोलायचे, हे ती नवरीच्या कानाशी लागून सांगे. पोरगी रुळली, की ही आपले गाठोडे उचलून परत.

गेल्या महिन्यात महाडहून एस. टी. ने तिला भेटायला गेलो. तिने मला निरखून पाहिले आणि विचारले, “आपण कुणाकडचे?”

डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला होता. आतेभाऊ हळूच म्हणाला, “दादा, तू एवढं वाचतोस. यावर औषध नाही का रे?”

त्या प्रश्नापायी पुस्तके चाळू लागलो, तो तिथेही पाठराखीणच भेटली!

वाचकहो, आपल्या पेशीत प्रथिन तयार होते ते लांब माळेसारखे. बहुतेक माळांची ठरावीक घडी बसली, तरच त्या कामाच्या. घडी बिघडली, की आतले चिकट भाग उघडे पडतात, माळेला माळ चिकटते आणि चिवट तंतू बनतात. हेच अमिलॉइड. अल्झायमरमध्ये ते मेंदूत साचते.

हे टाळण्यासाठी पेशी दुसरी प्रथिने सोबतीला देते. ती चिकट भाग झाकून धरतात आणि घडी बसली, की बाजूला होतात. अशा एका सोबती प्रथिनाला १९७८ मध्ये लास्की या इंग्रज शास्त्रज्ञाने ‘शॅपरोन’ म्हटले. १९८७ मध्ये एलिस यांनी ते नाव साऱ्या जातीला दिले. शॅपरोन म्हणजे तरुण मुलीसोबत जाणारी वडीलधारी बाई. आपली पाठराखीणच की!

वय वाढते, तशी ही सोबत उणी पडू लागते. मग तिलाच बळ द्यावे, असा शास्त्रज्ञांचा विचार. एचएसपी-७० नावाची पाठराखीण आपल्या मदतनिसांसह कंपवाताच्या रोगातले तंतू परीक्षानळीत तोडते, हे दिसले आहे. पण तुटलेले तुकडेच नव्या तंतूंचे बी ठरण्याची भीती असते. म्हणून तंतू मुळात बनू न देणे बरे.

महाडकरांना हे वेगळे सांगायला नको. २०२१ च्या जुलैत सावित्रीचा पूर ओसरला, पण घरादारांतला गाळ उपसताना कंबरडे मोडले. तो आत येण्याआधीच अडवता आला असता तर!

अल्झायमरवर असे औषध अजून दवाखान्यात आलेले नाही. उद्या कुणी या नावाने भुकटी विकू लागला, तर पैसे गाठीलाच ठेवा. खाल्लेले प्रथिन पोटात पचून जाते, ते पाठराखीण होऊन मेंदूत जात नाही.

आतेभावाला मी खरे तेच सांगितले, “पुरते बरे करणारे अजून नाही रे.” तो गप्प बसला.

निघताना आत्या पुन्हा माझ्याकडे परक्यासारखी पाहू लागली. तेवढ्यात यंदाच लग्न होऊन आलेली नातसून पुढे झाली आणि तिच्या कानाशी लागून म्हणाली, “आजी, हे तुमचे भाचे. महाडचे.”

आत्याने मान डोलावली. म्हणाली, “मग जेवून जा हो.”