पद्मिनीचा काळा टप

आमच्या चुलत घराण्यात सध्या एका गाडीच्या टपावरून दोन तट पडले आहेत. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७९ ची. आपण सगळे तिला फियाटच म्हणतो. रंग क्रीम आणि टपावर काळं विनाइल. दादा गेले, गाडी आता वहिनींच्या नावावर आहे, आणि पुतण्याला ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. विनाइल ठेवायचं की काढायचं, यावर माझं मत विचारलं गेलं. बडोद्यात अशा फियाटी अजून काही घरांच्या ओट्याशी उभ्या आहेत, म्हणून इथे सगळ्यांसाठीच लिहितो.

माझं मत: काढायचं, आणि परत लावायचं नाही.

आजच्या मुलांना कळणार नाही, पण तेव्हा काळा टप म्हणजे रुबाब. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकन गाड्यांवर ही टूम जोरात होती. छत पोलादाचंच, पण वरून विनाइल चिकटवायचं, म्हणजे कापडी हूडच्या गाडीचा भास होतो. आपल्याकडे तर गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं, आणि मिळायची ती शेजाऱ्यासारखीच. मग आपली वेगळी दिसणार कशी? सीट कव्हरं शिवणारा कुशनवालाच टपही मढवून द्यायचा. दादांची गाडी दांडिया बाजारात शिरली की टपावरूनच लांबून ओळखू यायची. ठेवा म्हणणाऱ्यांचा जीव यात अडकला आहे, आणि मला ते समजतं.

पण त्यांचा दुसरा मुद्दा, 'मूळ स्वरूप जपा', हा इथे उलटा पडतो. अमेरिकेत पुष्कळ गाड्यांना विनाइल कारखान्यातूनच लागून यायचं, तिथे ते ठेवण्यात अर्थ आहे. आमची गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा तिचा टप क्रीमच होता. काळं आवरण नंतरचं, बडोद्याचं. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला, तेव्हापासून पुतण्याच्या डोक्यात विंटेज नोंदणीचं खूळ आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली हवी. म्हणजे अजून काही वर्षं हा पत्रा टिकला पाहिजे. खरी चिंता ती आहे.

विनाइल म्हणजे कापडी अस्तरावरचं प्लास्टिक. आपल्या उन्हात त्याचा मऊपणा जातो, ते आक्रसतं, शिवण उसवते, काचेच्या रबराजवळ कड सुटते. तिथून पाणी आत जातं आणि अस्तर ते दिव्याच्या वातीसारखं ओढून घेतं. उघड्या पत्र्यावरचं पाणी पन्हळीतून वाहून जातं, उरलेलं ऊन पडलं की सुकतं. विनाइलखालचं मात्र पार दिवाळीपर्यंत मुक्काम करतं. त्यातून कुशनवाल्याने कडेची चकचकीत पट्टी बसवायला स्क्रू मारलेले. प्रत्येक भोक म्हणजे गंजाला उघडं दार.

बँकेत असताना आम्ही गोदामातला तारण माल तपासायला जायचो. दर्शनी थप्पी नेहमीच नीट असते, मागची पोती उतरवून बघावी लागतात. तसंच इथे केलं. मागच्या काचेच्या वर अंगठ्याने दाबलं तर आत पापड मोडल्यासारखा आवाज आला. मग आतलं लायनिंग थोडं उतरवून टॉर्च मारला. डेंटर म्हणाला, "साहेब, अंदर चाळणी थई गई छे." सगळा टप नव्हे, मागचा वीतभर पट्टा. पण पाच वर्षांपूर्वी तो हाताच्या पंजाएवढाच असणार.

कुणाचं विनाइल घट्ट असेल, फुगे नसतील, आतून पत्रा स्वच्छ असेल, तर खुशाल ठेवा. हौसेने उकरू नका. नवं विनाइल लावा म्हणणाऱ्यांना मात्र माझा विरोध आहे. नवा पत्रा जोडायचा आणि पुन्हा त्याला ओल्या गोधडीत गुंडाळायचं, हा कुठला हिशेब?

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. 'दादांची आठवण' म्हणून आठ दिवस वाद चालला, पण ज्यांची गाडी त्या वहिनींना कुणी विचारलंच नाही. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काढा बाई एकदाचं. मे महिन्यात दोन पोरं मांडीवर घेऊन त्या तव्याखाली मी बसत होते. ह्यांचं काय, हे खिडकीतून हात बाहेर काढून चालवायचे!"

तेव्हा काम येत्या पावसाच्या आत उरकावं. लायनिंग आणि सीटा आधी बाहेर काढा, वेल्डिंगच्या ठिणगीने पेटतात. जुनं सोल्यूशन गरम हवेने मऊ करून पट्टीने खरवडा, ग्राइंडर फिरवला तर पातळ पत्रा तापून वाकतो. कुजलेला भाग कापून नवा जोडा. वेल्डिंग थोडं थोडं, जागा बदलत करायला सांगा. भोकांत पुट्टी भरून रंग मारून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. मग प्रायमर, आणि वर तोच क्रीम. नमुन्याला डिकीच्या आतला रंग दाखवा, तिथे ऊन पोचलेलं नाही. काढलेल्या विनाइलचा तुकडा कुणाला हवा असेल तर पुतण्याला आधीच सांगून ठेवा, भंगारवाला शनिवारी येतो.