शिफारसपत्राच्या निमित्ताने

निवृत्त होऊन काही वर्षे लोटली, तरी शिफारसपत्र मागण्यासाठी विद्यार्थी अजून घरी येतात. परवा आलेला मुलगा अर्थशास्त्रात एम. ए. झालेला, दोन वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत असलेला. त्याला ब्रिटनमध्ये जाऊन पुन्हा एम. ए. करावयाचे आहे. विषय तोच, पाठ्यपुस्तकेही बव्हंशी तीच. मग जावयाचे कशासाठी, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, नंतर तिथे दोन वर्षे नोकरी करता येते."

या उत्तराचा मला राग आला नाही. परदेशी जाणाऱ्यांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. तेथील शिक्षणाचा दर्जा उच्च म्हणून मुले जातात, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा त्यांच्या देशप्रेमाविषयी शंका घेतो. आकडे मात्र त्या मुलाच्या बाजूने साक्ष देतात. ब्रिटनने शिक्षणोत्तर नोकरीची सवलत २०१२ साली बंद केली आणि त्या सुमारास नव्याने दाखल होणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. २०२१ साली सवलत परत मिळाली, तेव्हा २०२१-२२ मध्ये तेथील एकूण भारतीय विद्यार्थी सव्वा लाखावर गेले. मधल्या काळात तेथील ग्रंथालये काही ओस पडली नव्हती! अमेरिकेतही २०२३-२४ साली नोंदलेल्या ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थ्यांपैकी ९७,५५६ जण पदवीनंतरच्या कामाच्या परवान्यावर होते. म्हणजे ते वर्गात नव्हतेच. केवळ ज्ञानासाठी जाणारे नसतात असे नाही. पण बहुसंख्यांच्या दृष्टीने शुल्क म्हणजे परक्या श्रमबाजारात शिरण्याचे प्रवेशमूल्य होय.

धनिकांची मुले पूर्वीही जात. त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. या मुलाच्या वडिलांनी राहते घर तारण ठेवले आहे. कर्ज रुपयांत, फेड पौंडांच्या मिळकतीतून व्हावयाची. ब्रिटनने तर २०२७ च्या आरंभापासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती दोन वर्षांची मुदत दीड वर्षावर आणण्याचे ठरविले आहे. हे त्याला सांगितले, तर त्याला ते ठाऊक होते. "इथे राहून तरी काय होणार?" एवढेच तो म्हणाला.

सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले ते शिष्यवृत्ती देऊन, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याच्या करारावर. १९१७ साली आंबेडकर करार पाळण्यासाठी बडोद्यास आले. संस्थानने नोकरी दिली. गावाने राहावयास जागा दिली नाही. परत आलेल्याला येथे काय मिळते हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि देशप्रेमाची प्रवचने देणारे नेमका तोच टाळतात. आज अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची परदेश शिष्यवृत्ती आहे खरी. पण २०२२ साली तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, इतिहास व समाज यांविषयीचे संशोधन वगळण्यात आले. 'प्राचीन भारतीय व्यापार' आणि भारतातील जाती हे आंबेडकरांचे कोलंबियातील विषय या नियमात बसले नसते.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. दरम्यान महाविद्यालये चालविली जात आहेत ती घड्याळी तासांवर मोबदला घेणाऱ्या, सुटीत काहीच न मिळणाऱ्या उच्चशिक्षित तरुणांच्या जिवावर. ही पदे पूर्णवेळ भरा, मग कोण जातो आणि कोण राहतो याचा हिशेब मांडता येईल. तोवर मी शिफारसपत्रे लिहीत राहणार. त्या मुलाचे पत्रही लिहून दिले, आणि जून महिन्यापासून त्याचे तास कोण घेणार हे त्याला विचारण्याचे मात्र राहून गेले.