शॉकअप गेलेत, बॉस!

खड्ड्यांना शिव्या घालणं हा आपल्या पुणेकरांचा आवडता टाइमपास. पण दरवेळी दोष खड्ड्याचाच असतो असं नाही. माझी 2009ची सँट्रो साध्या स्पीडब्रेकरनंतरही होडीसारखी डुलायला लागली, तेव्हा गॅरेजवाल्या दादांनी बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडून दिला. गाडीने एकदा वर येऊन गप्प बसायला हवं. आमच्या बाईसाहेब डुलतच राहिल्या. खाली वाकून पाहिलं, तर पुढचा डावा शॉकअप तेलाने माखलेला.

फंडा सोपा आहे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते आणि शॉकअप त्या स्प्रिंगच्या उड्या आवरतो, म्हणजे टायर रस्त्याला धरून राहतो. तो संपला की कंबर दुखतेच, शिवाय ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. पावसात आई-बाबांना मागे बसवून कात्रज घाट उतरताना हे जास्तीचं अंतर कुठून आणणार?

'गळतोय तेवढा एकच बदलू' ही काटकसर नको. पुढचे दोन्ही एकदम बदला, नाहीतर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच वागते. वरचं माउंटिंगही तेव्हाच तपासून घ्या; ते खोलावं लागतंच, पुन्हा मजुरी कशाला? आणि प्लीज, यूट्यूब बघून घरच्या पार्किंगमध्ये हा उद्योग करू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात मोडू शकतो, यार! दादांकडे ती दाबून धरायचे खास क्लॅम्प असतात.

नंतर व्हील अलाइनमेंट करूनच घरी जा. नाहीतर टायर एका कडेने झिजायला लागतील.