चिमुकल्या इंजिनाची ओढ

'आमच्या इंजिनाने दहा माणसे ओढली!' छोट्या आगगाड्यांच्या हौशी मंडळींची ही नेहमीची बढाई. इंग्लंडात या हौसेला भारी मान. इंजिन बेताचे, पण आत खरा कोळसा अन् खरी वाफ. मागच्या डब्यावर पाय दोहीकडे टाकून बसायचे!

रुळांत अवघे अडीच इंच अंतर असलेल्या गाडीचे कोळशावरचे इंजिन मोठ्या माणसाला ओढील, असे 'एल. बी. एस. सी.' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लॉरेन्स यांनी म्हटले, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. 'मॉडेल एंजिनीअर' साप्ताहिकात वाद रंगला. १९२४ साली 'बॉयलरांची लढाई' झाली, आणि लॉरेन्स यांच्या 'आयेशा'ने माणसे ओढून दाखवली. शब्दांचा वाद रुळांवर मिटला.

पण वाचकहो, माणसे मोजली म्हणजे ओढ मोजली काय? सपाट रुळावर, चाके हलकी फिरत असली, तर दहा माणसेही थोड्या जोराने सरकतात. शंभर फुटांत एक फूट चढ आला, की ६०० किलोंच्या गाडीला केवळ त्या चढापायी ६ किलो ओढ अधिक लागते. माणसे तीच, श्रम निराळे! म्हणून इंजिन आणि डबा यांच्यामध्ये स्प्रिंगचा काटा लावावा. तो खरे सांगतो. चालत्या चाकांवर ४० किलो भार असेल, तर कोरड्या रुळावर साधारण १० किलो ओढ मिळते. त्यापुढे वाफ कितीही कोंडा, चाके जागच्या जागी गरगरतात.

१९६९पासून इंग्लंडात सुरू झालेल्या स्पर्धेने याच्याही पुढचे पाऊल टाकले. प्रत्येकाला कोळसा तोलून द्यायचा, सुमारे अर्धा तास गाडी हाकू द्यायची. ओढ आणि अंतर मोजणारा डबा इंजिनामागे असतोच. ओढीला अंतराने गुणले की काम निघते. ते जळालेल्या कोळशातील उष्णतेशी ताडून पाहायचे. शंभरांतील दोन-तीन भाग कामी आले, तरी शाबासकी! बाकीची उष्णता धुराड्यातून अन् बॉयलरच्या अंगावरून उडून जाते. इंजिन जितके लहान, तितकी ही गळती जास्त.

या स्पर्धेत थोरल्या इंजिनाचा थाट चालत नाही. धाकटे इंजिन कमी ओढूनही पहिले येऊ शकते. कारण तिथे विचारतात, किती ओढलेस एवढेच नव्हे, तर किती कोळशात ओढलेस?

घराघरांतून मुलांचे गुण मोजताना हा दुसरा प्रश्न आपण कितीदा विचारतो?